शाळेच्या जुन्या इमारतीला 'सी-१' शेरा मिळालाय, चुन्याच्या बांधकामाचं ऑडिट नक्की कसं करतात?

चेंदणीची_पोर
नमस्कार मंडळी. धागा मोठा होणारे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, माहितगार लोकांची खरंच गरज आहे.

आमची शाळा जुन्या ठाण्यात, बाजाराच्या मागच्या अंगाला. नाव लिहीत नाही, संस्था आणि पालक यांच्यात आधीच बरंच तापलंय. इमारत ब्रिटिशांच्या काळातली. तळमजला काळ्या दगडाचा, वर विटा, सगळं चुन्यात, दोन फुटांहून जाड भिंती, सागवानी कैच्या (छत पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कौलं, पुढे बिडाच्या खांबांचा व्हरांडा. वरचा हॉल नुसता शाळेचा नाही, व्याख्यानं, पुस्तक प्रदर्शनं, लसीकरण, मतदान सगळं तिथेच होत आलंय, म्हणून मी तिला गावाचीच इमारत म्हणते. मागच्या बाजूला नंतर कधीतरी आरसीसीमध्ये जिना आणि स्वच्छतागृहांचा ब्लॉक जोडला.

आता नोटीस आली, संस्थेने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं आणि अहवालात शेरा आला सी-१. म्हणजे रिकामी करा आणि पाडा. मी माजी विद्यार्थी संघातर्फे अहवालाची प्रत मागून घेतली आणि पूर्ण वाचली. रिबाउंड हॅमरच्या (भिंतीवर मारून कडकपणा मोजायचा हातोडा) आकड्यांचं टेबल आहे, अल्ट्रासॉनिकचं (भिंतीतून ध्वनिलहर सोडून तिचा वेग मोजतात ते) टेबल आहे, भरपूर फोटो आहेत आणि शेवटी 'आयुर्मान संपलेले' असा निष्कर्ष. पण भिंती चुन्यातल्या आहेत हे अख्ख्या अहवालात एकदाही लिहिलेलं नाही. कैच्यांबद्दल एक ओळ, 'छताची लाकडी रचना जीर्ण'. शिपाई मामांना विचारलं तर म्हणाले माळ्यावर जायला कोणी शिडीच मागितली नाही.

मला जे दिसतं ते सांगते. हॉलच्या वायव्य कोपऱ्यात पावसाळ्यात भिंत ओली होते आणि खाली फरशीपर्यंत ओघळ येतात. पश्चिमेच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा गेलाय. जुनी इमारत आणि मागचा ब्लॉक जिथे जोडलेत तिथे उभी फट आहे, वरती बोट सहज जातं. तळमजल्याच्या वर्गांत कंबरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लोणा (ओलीबरोबर येणारा खार) लागलाय, गिलावा हाताने निघतो. आणि रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत प्रवेशाच्या दोन पायऱ्या गाडल्या गेल्यात.

तर प्रश्न असा की हातोड्याच्या त्या आकड्यांवरून चुन्याच्या भिंतीचा निकाल लावता येतो का? नसेल तर कोणत्या तपासण्या मागायच्या? आणि तोवर मुलांचं काय करायचं? इमारत वाचावी असं मला मनापासून वाटतं, पण खोट्या आशेवर नाही, नीट तपासून काय ते कळू दे.

घोडबंदरचा_बाबा
ताई, भावना समजतात, पण माझी मुलगी चौथीत त्याच तळमजल्यावर बसते. अहवाल बरोबर की चूक ते नंतर बघा, आधी मुलं हलवा. महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकाळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एसटी बस आणि माणसं गेली. तेव्हाही तोवर सगळे म्हणत असतील की जुनं बांधकाम मजबूत असतं. मला वारसा नको असं नाही, पण जोखीम माझ्या पोरीची आहे.

कोपरीकर_वकील
कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात गोंधळ फार असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५ अ म्हणतं की ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेऊन स्थिरतेचा दाखला द्यायचा. कलम २६४ वेगळं, ते पडायच्या बेतात असलेल्या बांधकामासाठी. तुमची नोटीस नक्की कोणत्या कलमाखाली आहे ते आधी बघा.

शेरे चार. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आणि सी-२ अ या दोन्हींत इमारत रिकामीच करावी लागते, फरक पुढे पाडायची की दुरुस्त करायची एवढाच. म्हणून घोडबंदरच्या बाबांचं म्हणणं आणि ताईंचं म्हणणं यात भांडण नाहीये, मुलं हलवूनही इमारतीसाठी लढता येतं. दुसरा अहवाल करून घ्यायला कोणी अडवत नाही, फक्त नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या.

ओळंबा
मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, जुन्या कचेऱ्या, विश्रामगृहं, शाळा यांच्या दुरुस्त्यांमध्येच निम्मी नोकरी गेली. ताई, तुमची शंका योग्य आहे, सविस्तर लिहितो.

रिबाउंड हॅमर पृष्ठभाग किती कडक आहे तेवढंच सांगतो. त्या आकड्यावरून ताकद काढायचे जे आलेख असतात ते काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून बनवलेले. त्यासाठीचं भारतीय मानक आयएस १३३११, भाग १ अल्ट्रासॉनिकचा, भाग २ हॅमरचा, दोन्ही १९९२ ची आणि दोन्ही काँक्रीटसाठी. आता ते आयएस ५१६ मध्ये घेतलंय पण विषय काँक्रीटच. काळ्या दगडावर हॅमर मारला तर आकडा झकास येणार, फुगलेल्या गिलाव्यावर मारला तर वाईट येणार, आणि दोन्हीतून दगडांच्या मधल्या चुन्याबद्दल काहीच कळत नाही. अल्ट्रासॉनिकचं तर त्याहून वाईट. त्या तक्त्यात सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली वेग आला की 'शंकास्पद'. विटा-चुन्याच्या धडधाकट भिंतीतही प्रत्येक सांध्यावर लहर अडखळते, वेग तीनच्या खालीच राहणार. म्हणजे त्या तक्त्याने मोजली तर प्रत्येक जुनी भिंत नापास.

आता भिंतीवर ओझं किती असतं ते बघा. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला साधारण २० किलोन्यूटन. १० मीटर उंच भिंत धरली तर तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब चौरस मिलिमीटरला ०.२ न्यूटन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो. मजल्याचं आणि छताचं धरून थोडा वाढेल. एवढ्याने जाड भिंत चिरडत नाही. जुन्या भिंती पडतात त्या फुगून, बाहेर कलून, पायथ्याशी पाणी मुरून, किंवा कैचीचं टोक कुजून छताचा रेटा भिंतीला बाहेर ढकलायला लागला म्हणून. घोडबंदरच्या बाबांनी महाडचं लिहिलं ते अगदी योग्य आहे, त्या रात्री नदीला पूर होता, म्हणून मी कुठल्याही जुन्या इमारतीत आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं तेच बघतो.

दगडी भिंतीत आणखी एक. बाहेरून घडीव दगड, आतून दगड, आणि मधे बारीक चिपा आणि चुन्याचा भराव अशी ती असते. पाणी शिरून भराव खाली बसला की बाहेरची फळी सुटते. हाताने किंवा लाकडी हातोडीने ठोकत जायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर खडूने खूण करायची. मग खुणेच्या जागी सांध्यातून बारीक भोक पाडून कॅमेऱ्याची नळी आत घालून बघायचं. ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून प्रत्येक भिंत वरपासून खालपर्यंत मोजायची. खर्चाची गोष्ट नाही ही, वेळ काढायची गोष्ट आहे.

नक्की दाब किती आहे हे हवंच असेल तर फ्लॅट जॅक चाचणी मागा. चुन्याच्या सांध्यात आडवी चीर कापतात, चीर किंचित मिटते, मग तिच्यात पातळ पोलादी पाकीट सरकवून तेलाचा दाब देतात, वरखालच्या खुणांमधलं अंतर पहिल्याएवढं झालं की तो दाब म्हणजे भिंतीतला दाब. नंतर सांधा पुन्हा चुन्याने भरून टाकता येतो.

पाचपाखाडी
काका उत्तम माहिती, वाचनखूण साठवली. पण एक विचारतो, एवढं सगळं करून शेवटी दुरुस्तीला नव्यापेक्षा जास्त खर्च आला तर? नवीन आरसीसी बांधली तर वर्ग जास्त होतील, लिफ्ट येईल, अग्निशमनाचे नियम पाळता येतील.

कळवेकर
@पाचपाखाडी, नवीन म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका दादा. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला जी इमारत पडली, ७४ माणसं गेली, ती जुनी नव्हती, बांधकाम चालू असतानाच पडली. मी तिथून रोज जायचो.

माझे वडील गवंडी होते, चुन्यात काम केलेल्या शेवटच्या पिढीतले. ताईंनी लोणा लागल्याचं लिहिलं त्याबद्दल सांगतो. तो कंबरेपर्यंतचा गिलावा सिमेंटचा आहे का बघा, आणि त्यावर ऑइल पेंट आहे का. चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि बाहेर सोडते. वर सिमेंट आणि ऑइल पेंट चढवला की ओल कोंडते, बाहेर पडायला वाट शोधत वर वर चढते, आणि जिथे सिमेंट संपतं तिथे खार सोडते. मग आपण म्हणतो लोणा वाढला आणि आणखी उंचीपर्यंत सिमेंट मारतो. वडील आधी तो सिमेंटचा थर काढायला लावायचे आणि भिंतीला एक उन्हाळा उघडी ठेवायचे. नंतर भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड. तुमच्या गाडल्या गेलेल्या पायऱ्या हेच खरं मूळ दिसतंय, जोतं जमिनीत गेलं की रस्त्याचं पाणी थेट भिंतीत. इमारतीच्या भोवतीने खोदून जमीन खाली घ्यायची आणि गटार काढायचं, हे पहिलं काम.

सीवूड्सकर
मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे, नेरूळला राहते. काकांनी आणि कळवेकरांनी महत्त्वाचं सांगितलंच. माझ्या बाजूने एवढंच की तपासणीच्या आधी इमारतीची मोजमापं घेऊन नकाशे करा. प्रत्येक भिंतीचं वेगळं चित्र, त्यावर रंगाने खुणा, ओल निळी, तडे लाल, पोकळ आवाज पिवळा, झाडाची मुळं हिरवी. हे सगळं एका कागदावर आलं की कारणं आपोआप दिसायला लागतात, निळा डाग आणि लाल रेघ नेमकी पन्हळीच्या खाली एकत्र येते. फोटोंच्या ढिगाऱ्यातून ते कधीच दिसत नाही.

तडा जिवंत आहे का हे बघायला दोन्ही बाजूंना खिळे पक्के करून व्हर्निअरने (बारीक अंतर मोजायची पट्टी) अंतर मोजायचं, तारीख टाकून वहीत लिहायचं. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा, कारण भिंत ऋतूप्रमाणे हलतेच. तड्याच्या आत जुना रंग, धूळ, जाळी असेल तर तो बहुतेक जुना, कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर नवा.

चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. आम्लात विरघळवून चुना आणि वाळू वेगळी करतात, प्रमाण कळतं, वाळूचे कण कसे होते ते कळतं, मग दुरुस्तीचा चुना त्याच्याशी जुळवता येतो.

आणि मागच्या आरसीसी ब्लॉकचं काय आलंय ते सांगा, तिथे हाफ सेल, म्हणजे आतल्या सळ्या गंजतायत का ते विजेच्या दाबावरून बघायची चाचणी, केलीय का?

चेंदणीची_पोर
सगळ्यांचे खूप आभार. @सीवूड्सकर हो, मागच्या ब्लॉकचं हाफ सेल केलंय, बरेच आकडे उणे ४०० मिलिव्होल्टच्या आसपास. कार्बोनेशनच्या तपासणीच्या (काँक्रीटवर रसायन फवारून रंग बघतात ती) फोटोत काँक्रीटला गुलाबी रंग आलेलाच नाही.

सीवूड्सकर
मग तोच भाग सगळ्यात आजारी आहे. उणे ३५० च्या पलीकडे गेलं की सळ्या गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. गुलाबी रंग येत नाही म्हणजे काँक्रीटचा अल्कधर्म गेला, सळ्यांचं संरक्षण गेलं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून खालून कव्हर फुटून पडतं. मुलांना धोका असेल तर आधी इथे आहे, स्वच्छतागृहाच्या छताखाली. तो ब्लॉक आजच बंद करा. आणि हे बघा, या ब्लॉकचे आकडे आणि जुन्या भिंतींचे आकडे एकत्र करून एकच शेरा दिलाय, ते दोन वेगळे अहवाल व्हायला हवेत.

घोडबंदरचा_बाबा
हे कोणी आम्हाला पालक सभेत सांगितलंच नाही. मुली रोज त्याच स्वच्छतागृहात जातात. आम्ही सगळे व्हरांड्याच्या बिडाच्या खांबांकडे बघून घाबरत होतो.

राममारुती_रस्ता
अवांतर होईल, पण ठाण्यात राहून हे लिहायलाच हवं. आपल्याकडे पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला किल्ला आजही मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे. सेंट जेम्स चर्च १८२५ चं, टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ चं. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खाडीचा खारा वारा आहे, तरी ह्या वास्तू उभ्या आहेत कारण त्यांत माणसांचा वावर आहे आणि कोणीतरी दर वर्षी वर चढून कौल सरळ करतं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ ला लोकांसाठी उघडलं, नंतर पार दुर्लक्षित झालं होतं, त्याच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तेव्हा मनावर घेतलं तर होतं.

चेंदणीची_पोर
अपडेट. @ओळंबा काका स्वतः आले होते, संस्थेची परवानगी घेऊन आम्ही माळ्यावर चढलो. हे लिहायलाच हवं असं आहे.

कैच्या वरून बघितल्या तर सागवान अजून तेलकट चमकतंय, सुताराच्या खुणा दिसतात, प्रत्येक सांध्यावर छिन्नीने कोरलेले आकडे आहेत जेणेकरून खाली जुळवून वर चढवताना गोंधळ होऊ नये. काकांनी एकेका कैचीच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, आधी ठोकून बघितलं मग स्क्रू ड्रायव्हर टोचला. बहुतेक ठिकाणी टोक आत जाईचना. वायव्येच्या शेवटच्या कैचीला मात्र मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा, आणि बाहेर काढला तर टोकाला ओला काळा भुसा. वीतभर अलीकडे त्याच लाकडात पुन्हा टोचला, तिथे टणक. बरोबर त्याच्या वर दोन छपरांच्या मधली पन्हळ आहे, पत्रा सडलाय आणि पिंपळाने मूळ आत घातलंय. बाजूच्या कैचीला वाळवीच्या मातीच्या वाटा होत्या पण कोरड्या, हाताने पुसल्या तर खाली लाकूड धड.

आणि माळ्याच्या एका भागात शाळेची जुनी बाकं, लोखंडी कपाटं, रद्दी अशी ठासून भरलीय की तुळईला झोळ आलाय.

ओळंबा
ताईंनी नेमकं लिहिलंय. एक कैची, तीही टोकाशी. कुजलेला भाग कापून नवं सागवान जोडायचं आणि पोलादी पट्ट्यांनी बांधायचं, हे काम होणारं आहे. आधी त्या कैचीखाली टेकू द्या आणि ओळंब्याने पश्चिमेची भिंत वरती बाहेर किती गेलीय ते मोजा. उद्या छताची खरी तपासणी मागाल तेव्हा रेझिस्टोग्राफ मागा, बारीक सुई लाकडात शिरते आणि आतला विरोध कागदावर काढते, पोकळी कुठे सुरू होते ते दिसतं.

माळ्यावरचं सामान मात्र ताबडतोब उतरवा. आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये वर्गखोलीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरतात, पुस्तकांच्या भांडारासाठी ६ आणि उंची वाढली की आणखी. माळा यातल्या कशासाठीच बांधलेला नसतो. हॉलमध्ये पुस्तक प्रदर्शन भरतं म्हणालात, तिथे पुस्तकांचे गठ्ठे भिंतीलगत ठेवा, मजल्याच्या मधोमध रचू नका.

पाचपाखाडी
मान्य. मी फक्त खर्चाच्या बाजूने विचार करत होतो. मग दुसऱ्या अहवालासाठी कामाची यादी कोणी करून देईल का, म्हणजे पुन्हा तेच हॅमरचं टेबल हातात यायला नको.

सीवूड्सकर
मसुदा मी करते, काका तपासतील. जुनी इमारत आणि आरसीसी ब्लॉक वेगळे. जुन्यासाठी नकाशे, ठोकून तपासणी, ओळंबा, ओल मोजणं, चुन्याचा नमुना, प्रत्येक कैचीची टोकं, निवडक जागी फ्लॅट जॅक. पाया बघायला दोन बाजूंना खड्डे. आणि भूकंपाचा हिशेबही हवाच, ठाणे तिसऱ्या झोनमध्ये येतं, भिंती एकमेकींना आणि छताला नीट बांधलेल्या आहेत का ते बघावं लागेल, तिथे मजबुतीकरण लागू शकतं. जे दुबळं निघेल ते दुबळंच लिहायचं, झाकायचं नाही.

चेंदणीची_पोर
संस्थेची सभा झाली. मागचा ब्लॉक बंद केला, फिरती स्वच्छतागृहं आणली. तळमजल्याचे वर्ग जवळच्या दुसऱ्या शाळेत दुपारच्या पाळीत हलवले, हॉल बंद, माळा रिकामा करणं सुरू. नोटिशीला वकिलांनी उत्तर दिलं, पोच मिळाली. दुसरा अहवाल चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरकडून करून घ्यायचं ठरलं. आता मला तुमच्यापैकी माजी विद्यार्थ्यांकडून जुने फोटो हवेत, खास करून पश्चिमेची भिंत आणि मागची बाजू. शाळेकडे मूळ नकाशे नाहीत, भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेसाठी अर्ज केलाय.

खारकर_आळी
ताई, मला ओळखलंस का माहीत नाही, मी तुझ्या दोन वर्षं पुढे होते. स्नेहसंमेलनाचे आणि कवायतीचे फोटो आहेत माझ्याकडे, आज मोठे करून बघितले. पश्चिमेच्या खिडकीवरचा तो तिरका तडा तेव्हाही आहे, तेवढाच लांब, वरती संपतो तेही त्याच विटेपाशी. पण मागच्या ब्लॉकची जोडणी दिसणारा एक फोटो आहे, त्यात फट अजिबात नाही, गिलावा सलग आहे. स्कॅन करून रात्री पाठवते.

ओळंबा
फार महत्त्वाचा पुरावा आहे हा. म्हणजे तडा इतकी वर्षं जिथल्या तिथे आहे आणि हलतोय तो मागचा ब्लॉक, जुनी इमारत नाही, बहुतेक त्याचा पाया वेगळा खचतोय. मोजमापाचे खिळे आधी त्या फटीवर लावा, वर, मधे आणि खाली अशा तिन्ही जागी, आणि मागच्या खड्ड्याची जागा ब्लॉकच्या पायाशीच धरा. फोटोच्या मागे तारीख असेल तर तीही स्कॅन करा.